ओटा फोडण्याआधी



आज मी तुमच्याशी ओट्याबद्दल बोलणार आहे. घरापुढच्या ओट्याबद्दल नव्हे, तर स्वयंपाकघरातल्या ओट्याबद्दल. हा बायकांचा विषय, असं म्हणून पुरुष मंडळींनी उठून जाऊ नये. ओट्यापाशी उभ्या राहतात बाया. पण तो फोडायचा हे बहुतेक घरांत पुरुष ठरवतात. आणि पैसे जातात ते दोघांचे.

आपल्या आया-आज्या खाली बसून रांधत होत्या. चूल भुईवर, पाटा भुईवर, काठवट भुईवर. मग गॅस आला. मुंबईत १९५५ च्या सुमाराला घरोघरी गॅसच्या टाक्या विकायला सुरुवात झाली. खेड्यांत यायला त्याला पुष्कळ वर्षं लागली. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि मग गोरगरिबांच्या घरीही टाकी पोचली. आता गॅसची टाकी भुईवर उभी ठेवायची असते आणि शेगडी तिच्यापेक्षा उंच जागी पाहिजे. म्हणजे ओटा आलाच. कुणी सिमेंटचा घातला, कुणी शहाबादी फरशी टाकली, कुणी कडप्पा बसवला. हात चालेल तसं ज्यानं त्यानं केलं.

तो ओटा आता जुना झाला. हळदीचे डाग पडले. तेल मुरलं. कड झिजली. नळाखाली बारीक खड्डे पडले. घरात सोयरीक जुळायची असली, पाहुणे मुलगी बघायला येणार असले, की घरच्या बाईला तो ओटा डोळ्यांत खुपायला लागतो. गवंडी येतो, ओट्यावर हात फिरवतो आणि म्हणतो, “वैनी, ह्याच्यात आता काही राहिलं नाही. फोडून टाकू. ग्रॅनाइट बसवू. एकदम आरसा!”

गवंड्याचा ह्यात काही वाईट हेतू नसतो. नवं काम करण्यातच त्याची रोजी आहे. पण एका घरी मी पाहिलं. त्या घरची बाई त्याला म्हणाली, “भाऊ, मोडायला कधीही येतं. आधी खाली वाकून बघा तरी.” गवंडी खाली वाकला. बॅटरी लावून पाहिलं. ओटा खालून धडधाकट होता. बिघडलं होतं ते फक्त वरचं तोंड. त्या घरानं बचत गटातून काढायचं ठरवलेलं कर्ज काढलं नाही.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मातीच्या घरात राहिलेल्या कुठल्याही बाईला ती ठाऊक आहे. भुईला पोपडे आले की आपण काय करतो? भुई उकरून टाकतो का? नाही. शेण-माती कालवतो आणि सारवतो. पण भुई जर खचली असेल, उंदरांनी पोखरली असेल, तर नुसतं सारवून भागत नाही. तिथं मुरूम भरावा लागतो, पाणी मारावं लागतं, चोपणं घेऊन चोपावं लागतं. कुठं सारवायचं आणि कुठं चोपायचं, हे घरातल्या सासूला बरोबर कळतं. ओट्याला रंग देणं म्हणजे ओट्याचं सारवण आहे. ते केव्हा पुरतं आणि केव्हा पुरत नाही, एवढंच समजून घ्यायचं आहे.

म्हणून पहिलं काम रंग आणायचं नाही. पहिलं काम तपासायचं.

ओटा रिकामा करा. शेगडी, डबे, सगळं उचला. मग रुपयाचं नाणं घेऊन ओट्यावर जागोजाग ठोका. चांगल्या जागी आवाज ठणठणीत येतो. जिथं बद्द आवाज येईल, तिथं वरचा थर सुटला आहे असं समजा. मडकं घेताना आपण टिचकी मारून पाहतो, तसंच हे. एखाद्या टिचभर जागी आवाज बद्द आला तर तेवढाच भाग काढून भरता येतो. अर्धा ओटा बद्द वाजला तर मात्र रंगाचं नाव काढू नका.

मग खाली वाका. ओट्याच्या खालच्या अंगाला गंजाचे तांबूस डाग आहेत का? सिमेंटचे पोपडे फुगून आले आहेत का? तसं असलं तर आतली सळई गंजली आहे. लोखंड गंजलं की फुगतं, आणि फुगताना भोवतालचं सिमेंट फोडतं. असल्या ओट्याला वरून रंग देणं म्हणजे पाय मोडलेल्या बैलाची शिंगं रंगवण्यासारखं आहे. तिथं गवंड्याचंच ऐका. अंगावर ओटा पडण्यापेक्षा पैसे गेलेले बरे.

तिसरी गोष्ट ओल. ही सगळ्यांत लबाड. ओटा वरून कोरडा दिसतो, पण मागच्या भिंतीतून किंवा नळाच्या सांध्यातून आत पाणी मुरत असतं. ह्याला एक सोपी परीक्षा आहे. हातभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद घ्या. तो ओट्यावर पसरून चारी कडांना चिकटपट्टी लावा. वारा आत जाता कामा नये. संध्याकाळी लावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काढा. कागदाच्या आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा खालचा ओटा काळपट पडला, तर आत ओल आहे. आधी नळ दुरुस्त करा, भिंत दुरुस्त करा, ओटा वाळू द्या, पुन्हा कागद लावून पाहा. ओल्या ओट्यावर दिलेला रंग महिना-दोन महिन्यांत फोड येऊन निघतो. मग लोक रंगाला शिव्या देतात. दोष रंगाचा नसतो.

आता ओटा कशाचा आहे ते ओळखा. सिमेंटचा घोटलेला ओटा आणि टाइलचा ओटा ह्यांना रंग देता येतो. शहाबादी आणि कडप्पा ह्यांची गोष्ट वेगळी आहे. शहाबादी फरशी कर्नाटकातल्या शहाबादहून येते, कडप्पा आंध्रातल्या कडप्पा भागातून येतो. गावांची नावंच दगडाला पडली. एक करडा, एक काळा, पण दोघेही जातीनं चुनखडीचे. चुनखडीला आंबट सोसत नाही. लिंबू, चिंच, आमसूल, ताक सांडून राहिलं की चकाकी जाते आणि पांढुरके डाग पडतात. संडास धुवायचं ॲसिड तर ह्या दगडाला खाऊनच टाकतं. काही जण स्वच्छतेच्या हौसेनं तेच ओट्यावर ओततात! तसं करू नका.

आपला दगड चुनखडीचा आहे की ग्रॅनाइट आहे हे कळत नसेल, तर कोपऱ्यात न दिसेल अशा जागी लिंबाचा एक थेंब टाका. पाच मिनिटांनी पुसा. फिका डाग राहिला तर चुनखडी. ग्रॅनाइटवर डाग राहत नाही.

शहाबादी किंवा कडप्प्याचा ओटा खराब दिसू लागला तर माझं मत असं, की त्याला रंग देऊच नये. दगड घासला की दगडच परत मिळतो. फरशी घासणाऱ्याकडे घासायचे दगड असतात. आधी जाडा, मग बारीक, मग त्याहून बारीक, असं पाणी घालून घासत गेलं की कडप्पा पुन्हा काळाभोर होतो. वरून जवसाचं तेल पातळ हातानं लावावं, अर्धा तास मुरू द्यावं आणि उरलेलं पुसून घ्यावं. एक लक्षात ठेवा. जवसाच्या तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तो आपोआप तापतो आणि कधी कधी पेटतोसुद्धा. तो पाण्यात बुडवून, मग बाहेर पसरून वाळवावा. नुसत्या चिंधीनं आग कशी लागेल, असं वाटतं. पण लागते.

राहिला सिमेंटचा आणि टाइलचा ओटा. त्याला रंग देऊ. पण कुठला रंग?

भिंतीचा रंग, डिस्टेंपर, चुना, ह्यांतलं काहीही ओट्यावर टिकत नाही. पाण्यानं पुसलं की निघून येतं. मग लोक ऑइलपेंट आणतात. दाराला लावला, दहा वर्षं टिकला, मग ओट्याला का टिकणार नाही? पण दार लाकडाचं आहे आणि ओटा सिमेंटचा. सिमेंटात खार असतो. तेल आणि खार ह्यांची गाठ पडली की साबण होतो. साबण असाच करतात. ऑइलपेंटमध्ये तेल आहे, सिमेंटमध्ये खार आहे आणि ओट्यावर रोज पाणी आहे. मग रंगाचा खालचा थर साबणासारखा मऊ होतो आणि सालं निघू लागतात. ती सालं कुठं जातात? कणकेत जातात, भाजीत जातात.

ओट्याला चालतो तो इपॉक्सी जातीचा रंग. तो दोन डब्यांत येतो. एका डब्यात रंग आणि दुसऱ्या डब्यात तो कडक करणारं औषध. दोन्ही एकत्र कालवले की ते एकमेकांना धरतात आणि रंग दगडासारखा कठीण होतो. वाळणं वेगळं आणि हे वेगळं. सिमेंट कसं पाणी घातल्यावर आवळतं, तसं हे आवळतं. म्हणून ह्याचं प्रमाण चुकलं तर काम फसलं. औषध कमी पडलं तर रंग चिकट राहतो, महिनाभर वाट पाहिली तरी वाळत नाही. जास्त घातलं म्हणून लवकर वाळेल असंही नाही.

आता इथं तुमच्या अक्षरांचा उपयोग आहे. आजवर दुकानदार सांगेल तो डबा आपण घरी आणत होतो. आता आपण तो हातात घेऊन फिरवून पाहायचा. त्यावर काय काय लिहिलेलं असतं ते सांगतो.

दोन्ही डब्यांचं प्रमाण लिहिलेलं असतं. कुठं एकास एक, कुठं दोनास एक, कुठं चारास एक. त्याप्रमाणेच मोजून घ्यायचं. अंदाजपंचे नको. डाळ-तांदूळ मोजायचं जुनं मापटं एकदा ह्या कामाला घेतलं, की पुन्हा धान्याला वापरू नका. कालवलेला रंग किती वेळात वापरायचा, हे लिहिलेलं असतं. एका हातानंतर दुसरा हात किती तासांनी द्यायचा, हे लिहिलेलं असतं. डबा कधी भरला आणि कधीपर्यंत चालेल, तेही असतं. एका लिटरात किती चौरस फूट जागा रंगते, तेही असतं.

आणि शिशाबद्दल लिहिलेलं असतं. ह्याकडे नीट लक्ष द्या. रंग चमकावा, लवकर वाळावा म्हणून पूर्वी रंगात शिसं घालत. शिसं पोटात गेलं तर लहान मुलांच्या मेंदूला इजा होते. मूल वरून धडधाकट दिसतं, पण शिकण्यात मागं पडतं, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणून सरकारनं २०१६ साली नियम केला. घरगुती रंगात दहा लाख भागांना ९० भागांपेक्षा जास्त शिसं असता कामा नये. हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तसं वाक्य छापलेलं असतं. ते पुष्कळदा इंग्रजीत असतं. शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला वाचायला सांगा. पण ९० हा आकडा तर इंग्रजी आकड्यांतही ओळखता येईल. ते वाक्य नसलं तर तो डबा घेऊ नका, कितीही स्वस्त असो. सुटा रंग बाटलीत भरून देणारे असतात. तोही नको. त्याच्यात काय आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

ह्याच कारणानं, तुमच्या ओट्यावर आधीच जुना ऑइलपेंट असेल, तर तो कोरडा घासू नका. त्याची धूळ घरभर उडते. पाणी मारून ओला ठेवूनच घासा. निघालेला गाळ ओल्या फडक्यानं टिपून पिशवीत भरा. कोंबड्या टिपतील अशा जागी तो टाकू नका. त्या वेळी मुलं घरात नकोत.

आता किती रंग लागेल, त्याचा हिशेब करू. समजा, ओटा ८ फूट लांब आणि २ फूट रुंद आहे. ८ गुणिले २, म्हणजे १६ चौरस फूट. पुढची उभी कड चार इंच उंच आहे. चार इंच म्हणजे फुटाचा तिसरा भाग. ८ फुटांचा तिसरा भाग म्हणजे पावणेतीन फुटांच्या आसपास. तेव्हा एकूण १९ चौरस फूट धरा. दोन हात द्यायचे, म्हणून ३८. समजा, डब्यावर लिहिलं आहे की एका लिटरात १०० चौरस फूट होतात. मग आपल्याला अर्धा लिटरसुद्धा लागत नाही. दुकानदार म्हणाला, “काका, दोन लिटर न्या, कमी पडायला नको,” तर त्याच्यापुढं हा हिशेब ठेवा.

खर्चाचाही असाच हिशेब करा. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ ओढा. एका बाजूला नव्या ओट्याचा खर्च लिहा. नुसता ग्रॅनाइटचा भाव लिहून चालणार नाही. जुना फोडण्याची मजुरी, मलबा उचलण्याची गाडी, सिमेंट, वाळू, गवंड्याची आणि बिगाऱ्याची रोजी, नळ काढून पुन्हा बसवणं, आणि फोडताना भिंतीच्या टाइल फुटल्या तर त्या. दुसऱ्या बाजूला रंगाचा खर्च लिहा. रंगाचे दोन डबे, अस्तर, लांबी, पॉलिश पेपर, ब्रश, हातमोजे. भाव तुमच्या बाजारात विचारा. मी इथं सांगितलेला भाव तुमच्या गावी खरा असेलच असं नाही. आणि कर्ज काढणार असाल तर डाव्या बाजूला व्याज लिहायला विसरू नका. ते पुष्कळ जण विसरतात.

आता प्रत्यक्ष काम. रंग द्यायला वेळ फार लागत नाही. वेळ जातो तयारीत, आणि खरं काम तयारीतच आहे.

ओट्यात वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. बादलीभर गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाका. रबरी हातमोजे घाला, कारण सोडा हाताची कातडी सोलतो. काथ्यानं ओटा खसखसून घासा. शेगडीच्या मागची जागा दोनदा, तीनदा घासा. मग साध्या पाण्यानं चार वेळा धुवा. सोडा राहिला तरी रंग धरत नाही. तेल गेलं की नाही ते कसं पाहायचं? ओट्यावर पाणी शिंपडा. पाण्याचे मोती होऊन घरंगळले, अळवाच्या पानावर होतात तसे, तर तेल अजून आहे. पाणी पसरलं, मुरलं, तर ओटा स्वच्छ झाला.

दोन-तीन दिवस वाळू द्या. मग भेगा आणि खड्डे भरा. रंगारी ज्याला लांबी म्हणतात, ती भरायची. पण भिंतीची पांढरी पुट्टी इथं चालत नाही. पाण्यात ती भुसभुशीत होते. ओट्याला दोन भागांची इपॉक्सी लांबीच पाहिजे. ती कडक झाली की पॉलिश पेपरनं घासा. पॉलिश पेपरच्या पाठीवर आकडा असतो. आकडा लहान तितका पेपर खरबरीत, आकडा मोठा तितका मऊ. आधी ८० नंबर, मग १२० नंबर. सिमेंटचा ओटा थोडा खरबरीत झाला पाहिजे. टाइलची तर चकाकी पार मारली पाहिजे, कारण गुळगुळीत टाइलला रंग धरायला जागाच नसते. इथं पुष्कळ जण कंटाळतात. चकाकी थोडी राहिली, चालेल, म्हणतात. सहा महिन्यांनी बरोबर तेवढ्याच जागेची साल निघते. घासताना नाका-तोंडाला फडकं बांधा आणि पाणी मारत घासा. सिमेंटची धूळ छातीला वाईट.

ओल्या फडक्यानं सगळी धूळ पुसा. ओटा पुन्हा वाळला की अस्तराचा एक हात द्या. अस्तर त्याच रंगाच्या जोडीचं असावं, दुकानात विचारून घ्यावं. टाइलसाठी वेगळं अस्तर मिळतं. अस्तर वाळलं की रंग.

रंगाच्या दिवशी गॅसची टाकी बंद करून, रेग्युलेटर काढून, शेगडीसकट घराबाहेर न्या. देवापुढचा दिवा विझवा. विडी-सिगारेट नाही. ह्या रंगात जे पातळ करणारं द्रव्य असतं, त्याची वाफ पेट घेते. खिडक्या-दारं उघडी ठेवा. गरोदर बाईनं, लहान मुलांनी आणि दम्याच्या माणसानं त्या दिवशी शेजारी जावं. हातमोजे घालूनच काम करा. दुसऱ्या डब्यातल्या औषधानं काहींच्या अंगावर पुरळ उठतं, आणि एकदा उठलं की पुढं प्रत्येक वेळी उठतं. हाताला रंग लागला तर साबणानं धुवा. थिनरनं पुसू नका, थिनर त्याला कातडीत उलट आत नेतो.

एका वेळी थोडाच रंग कालवा. कालवलेलं सिमेंट गवंड्याची वाट पाहत नाही, तसाच हा रंगही पाहत नाही. डब्यात उरलेला कालवलेला रंग तापतो, कधी धूरही येतो. म्हणून तो डबा बाहेर मोकळ्यावर ठेवायचा. हात पातळ द्यावा. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात चांगले. भिंतीकडून आपल्याकडे येत जा. नाहीतर शेवटी ओल्या रंगावर कोपर टेकतं.

हे काम पावसाळ्यात काढू नका. हवेत दमटपणा असला की ह्या रंगावर पांढुरकी साय येते. दिवाळीनंतर होळीपर्यंतचे दिवस चांगले. कोकणातल्या मंडळींनी तर हे आवर्जून पाळावं.

रंग दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागतो. पण तो आतून कडक व्हायला साधारण सात दिवस लागतात. डब्यावर नेमके दिवस लिहिलेले असतात. तेवढे दिवस ओट्यावर पाणी नको, गरम भांडं नको, जड डबे नकोत.

आता इथं घरोघरी भांडण होतं. आठवडाभर स्वयंपाक कुठं करायचा? पुरुष म्हणतात, दोन दिवस झाले, पुष्कळ झालं, ठेव शेगडी. शेगडी ठेवली की तिच्या पायांचे चार खड्डे कायमचे पडतात. म्हणून रंग काढायच्या आधीच हे ठरवा. अंगणात चूल मांडता येते. जावेच्या, शेजारणीच्या घरी एक वेळ करता येतं. किंवा ओट्याचे दोन भाग करा. आधी नळाकडची बाजू रंगवा, ती पक्की झाली की शेगडीकडची. पण दुसऱ्या भागाच्या दिवशीही शेगडी आणि टाकी बाहेरच. आणि सात दिवस चुलीपुढं बसणाऱ्या बाईला पाणी भरून देणं, लाकडं आणून देणं, हे घरातल्या बाप्यांना जमण्यासारखं आहे.

हा ओटा झाला म्हणजे ग्रॅनाइट झाला असं मात्र समजू नका. ग्रॅनाइटवर तापलेला तवा ठेवला तर सोसतो, ह्याच्यावर ठेवला तर रंग पिवळा पडतो, फुगतो. कुकर, तवा, कढई अडणीवर किंवा लाकडी पाटावर ठेवा. सुरीनं चिरायचं ते लाकडी फळीवर चिरा. नारळ ओट्याच्या कडेवर आपटू नका. आमच्याकडे ती खोड पुष्कळांना आहे. भाकरी थापायची ती परातीत किंवा काठवटीत. कणीक थेट ह्या ओट्यावर मळू नका. हळद सांडली तर लगेच पुसा. राहिलाच पिवळा डाग, आणि खिडकीतून ऊन येत असेल, तर घाबरू नका. हळदीचा डाग उन्हानं हळूहळू उडतो. घासायला मऊ फडकं आणि भांड्यांचा साबण पुरे. तारेची घासणी आणि ॲसिड नको.

चार-पाच वर्षांत कुठं ना कुठं रंग जाईल. आधी नळाजवळ जाईल, मग पुढच्या कडेला. तेवढीच जागा घासून पुन्हा रंगवता येते. दर वेळी सगळा ओटा काढावा लागत नाही. म्हणून रंगाचं नाव, प्रमाण आणि रंग दिल्याची तारीख कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. तुमच्या अक्षरात लिहा. पुढच्या वेळी तोच रंग आणायला सोपं जाईल.

मी येताना रंगाचे दोन रिकामे डबे आणले आहेत, धुऊन पुसून. ते आता तुमच्यात फिरवतो. पहिल्या रांगेतल्या मावशींपासून सुरू करू. मोठ्या डब्यावर प्रमाण शोधा. लहान डब्यावर तारीख शोधा. आणि ९० चा आकडा ज्याला पहिल्यांदा सापडेल, त्यानं हात वर करावा.